एकशे सदतीस लिंकांची प्रत्यक्ष पडताळणी

इंटरनेटवरच्या गोष्टी इंटरनेटवरच बघायच्या असतात, हे यादवराव तायड्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांच्या मुलीनं, संघमित्रानं, पुण्याहून व्हिडिओ कॉल करून तीनदा सांगितलं होतं. पण यादवरावांची बत्तीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात, भांडार विभागात गेली होती, आणि भांडारातला माणूस कागदावर विश्वास ठेवत नाही. कागदावर चाळीस बेअरिंगं असली तरी तो उठतो, गोदामात जातो, शिडी लावतो, एकेक मोजतो, आणि अडतीसच निघाली की त्याला मनापासून बरं वाटतं. या प्रकाराला प्रत्यक्ष पडताळणी म्हणतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, जळगावात घर झालं, तरी यादवराव अजून फ्रिजमधल्या लिंबांची पडताळणी करतात. सविताबाईंनी त्यावर बोलणं सोडून दिलं आहे.

तर या लिंकांच्या मागे लागण्याचं कारण होतं सविताबाईंचा मसाला.

सविताबाई मागच्या खोलीत खानदेशी काळा मसाला करतात. सोबतीला गल्लीतल्या चार बायका. पाकिटावर नाव 'लिलाबाई काळा मसाला'. लिलाबाई म्हणजे सविताबाईंची आई. पहूरच्या कांडपावर तिनं उभा जन्म रोजंदारीनं मसाला कुटला. खोबरं किती काळं होऊ द्यायचं, दगडफूल तव्यावरून कधी उतरवायचं, हे गावात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. पण मसाला ज्या घरी जाई त्या घराचा होई. लोक जेवून उठताना पाटलांच्या मसाल्याची नाहीतर शेटजींच्या मसाल्याची तारीफ करत, लिलाबाईचं नाव कधी कुणी घेतलं नाही. ती गेल्यावर सविताबाईंनी तिच्या नावाची पाकिटं छापून घेतली. पहिलं पाकीट हातात आलं तेव्हा त्या मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ एकट्याच बसल्या होत्या. यादवरावांनी दारातून ते पाहिलं आणि आत न जाता, काहीही न मोजता परत फिरले. यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

संघमित्रानं वेबसाइट करून दिली. वेबसाइट सुरेख होती, फक्त तिच्यावर कुणी येत नव्हतं. रोज नऊ जण येऊन जातात असं आकड्यांत दिसायचं, पण ते नऊही जण यादवरावच होते. इकडे धुळ्याचा 'प्रेमराज मसाला' मात्र पुण्यापासून सुरतेपर्यंत जात होता. मार्चअखेर खुद्द प्रेमराजशेठचाच फोन आला. माणूस गोड बोलणारा. "अक्का, तुमना हातले तोड नही. बठ्ठा माल आमले द्या, नाव तेवढं आमनं राही." म्हणजे सगळा माल तेच उचलणार, बारा महिने काम, विकायची कटकट नाही, चारही बायकांच्या हाताला हंगाम संपल्यावरही उसंत नाही. फक्त पाकीट प्रेमराजचं.

सविताबाईंनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. रात्रीचं जेवण झाल्यावर त्या यादवरावांना सरळ म्हणाल्या, "तोवर आपल्या नावानं माल उठला तर ठीक. नाहीतर मी सही करते. माझ्या आईच्या नावासाठी चार घरांचं काम किती दिवस अडवून धरू?"

यादवराव म्हणाले, "मी बघतो." सविताबाईंना लगेच पस्तावा झाला, पण मुदत त्यांनीच मागितली होती.

संघमित्रानं वडिलांना समजावलं ते असं. प्रेमराजशेठ स्वतः फार काही करत नाहीत. कुणी रेसिपी लिहितं, कुणी गावाची वेबसाइट चालवतं. ही मंडळी आपापल्या पानावर प्रेमराज मसाल्याची लिंक देतात. वाचणाऱ्यानं त्या लिंकवरून जाऊन मसाला घेतला की लिंक देणाऱ्याला वाटा मिळतो. अशांना अ‍ॅफिलिएट पार्टनर म्हणतात. आता हे पार्टनर कोण, ते प्रेमराजशेठ काही आपल्याला सांगणार नाहीत. पण त्यांच्या वेबसाइटकडे कुठकुठून लिंका येतात, हे शोधून देणारं सॉफ्टवेअर असतं. या शोधाला बॅकलिंक अ‍ॅनालिसिस म्हणतात. यादी काढायची, तिच्यातले पार्टनर हेरायचे आणि त्यांना नम्रपणे कळवायचं, की आमचाही मसाला एकदा बघा.

यादवरावांना हे लगेच पटलं. दाराबाहेरच्या चपला बघून घरात पाहुणे कोण आलेत ते ओळखायचं, एवढंच ना, असं त्यांनी विचारलं. संघमित्रा म्हणाली, हो, साधारण तसंच.

सॉफ्टवेअर सात दिवस फुकट होतं. यादी निघाली एकशे सदतीस लिंकांची. मात्र सगळ्यात जास्त गिऱ्हाईक पाठवणारी पहिली पाच नावं सॉफ्टवेअरवाल्यांनी धूसर करून ठेवली होती आणि वर कुलपाचं चित्र काढलं होतं. ती बघायला पैसे भरावे लागणार होते, आणि सात दिवस फुकट म्हटल्यावर आठव्या मिनिटाला पैसे मागणं यादवरावांना असभ्यपणाचं वाटलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, स्क्रीन तिरका करून बघितला. मग चौकातल्या धनसिंगच्या झेरॉक्सवर जाऊन यादीची प्रिंट काढली. प्रिंटमध्येही ती पाच नावं धूसरच आली, तेव्हा त्यांनी धनसिंगला टोनर बदलायला सांगितलं. धनसिंग दोन दिवस बोलत नव्हता. शेवटी यादवरावांनी लाल पुठ्ठ्याचं नवं रजिस्टर काढलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: 'क्रमांक १ ते ५, कुलूपबंद, पाहता आले नाही.'

आता ईमेल. संघमित्राच्या मते एका दुपारचं काम होतं. पण ओळख ना पाळख, एखाद्याच्या दारात चिठ्ठी सरकवायची आणि आमचा माल खपवा म्हणायचं, हे यादवरावांना जमेना. शेजारच्या तोतारामनानांनाही ते बिलकूल मान्य नव्हतं. नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, जन्मात त्यांनी तोंडी काही केलं नव्हतं आणि घाईनं काही केलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच, "माणूसले समोर बसीसन इचारनं पडस, भाऊ." शिवाय रिकाम्या हातानं जाऊ नये, परिचयपत्र तीन प्रतींत असावं आणि त्यावर गोल शिक्का असावा. शिक्क्याशिवाय दोंडाईच्यापलीकडे कुणी विचारत नाही, असं ते म्हणाले. दोंडाईच्याच्या अलीकडे काय परिस्थिती आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

शिक्का तयार झाला: 'लिलाबाई काळा मसाला, जळगाव. पडताळणी अधिकारी.' संघमित्राला शिक्क्याचा फोटो पाठवला. तिनं उलट विचारलं, ईमेल पाठवले का.

मग नानांच्या ओट्यावर यादीची छाननी झाली. बऱ्याच लिंका रशिया, व्हिएतनाम अशा ठिकाणच्या निघाल्या. त्यांच्यापुढे 'अंतर जास्त' असा शेरा पडला. वीस-पंचवीस जुगाराच्या वेबसाइटी होत्या. जुगारी लोकांना काळा मसाला कशाला लागतो, यावर अर्धा तास चर्चा झाली आणि 'जाणे योग्य नाही' असं ठरलं. काही लिंका उघडतच नव्हत्या, त्या 'मयत' म्हणून वगळल्या. असं करत करत एसटीनं नाहीतर रेल्वेनं गाठता येतील अशा तीनच लिंका उरल्या. पिशवीत मसाल्याची पाकिटं, रजिस्टर, शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन यादवराव निघाले.

पहिली लिंक दोंडाईच्याची, एका कॉलेजच्या वेबसाइटवरची. सुरतेकडे जाणारी सकाळची पॅसेंजर धरून यादवराव तिथे पोचले. कॉलेजच्या कधीतरीच्या स्नेहसंमेलनाला प्रेमराजशेठनी मसालेभात पुरवला होता, म्हणून आभाराच्या पानावर त्यांची लिंक होती. ऑफिसात झुलालभाऊ नावाचे क्लार्क बसले होते. आमचीही लिंक तिथे द्यावी, अशी विनंती यादवरावांनी केली. झुलालभाऊंनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, "भाऊ, असं तोंडी चालत नही. अर्ज करना पडी."

यादवरावांनी अर्ज काढला. तीन प्रतींत, शिक्क्यासह. झुलालभाऊ बघतच राहिले. इतका परिपूर्ण अर्ज त्यांच्या टेबलावर अकरा वर्षांत आला नव्हता. त्यांनी आवक रजिस्टर उघडलं, आणि ते रजिस्टर बघून यादवराव भारावले. डाव्या बाजूला लाल रेघ, आकडे एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही. दोघांनी पुढचा तासभर रजिस्टरं कशी ठेवावीत आणि हल्लीची पोरं ती कशी ठेवत नाहीत, यावर घालवला. वेबसाइटचं काय करायचं हे वेबसाइट समिती ठरवणार होती, समितीचे अध्यक्ष रजेवर होते, आणि वेबसाइटचा पासवर्ड ज्या सरांकडे होता ते बदली होऊन नंदुरबारला गेले होते. पण ही माहिती निघताना मिळाली, आणि तोवर यादवराव तृप्त झाले होते.

घरी आल्यावर सविताबाईंनी विचारलं, काय मिळालं. यादवरावांनी अभिमानानं सांगितलं, "आवक क्रमांक."

दुसरी लिंक जळगावातलीच, 'सुगंधाबाईंची चूल' या नावाची. रेसिपी लिहिणाऱ्या या बाईंच्या भरितावर लोक जीव टाकत होते, आणि प्रत्येक रेसिपीच्या खाली प्रेमराज मसाल्याची लिंक होती. म्हणजे ही अस्सल पार्टनर. पत्ता मात्र अर्धवट, नुसतं कॉलनीचं नाव. यादवराव वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट हातात धरून दूध डेअरीवर, पिठाच्या गिरणीवर, मंदिराच्या पारावर, सुगंधाबाई कुठे राहतात म्हणून विचारत फिरले. साठीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात भेटवस्तू आणि तोंडात एका बाईचं नाव. लोकांनी फार उत्साहानं मदत केली. अखेर कुरिअरवाल्यानं एक घर दाखवलं. दार भाविका नावाच्या तरुण गृहिणीनं उघडलं. इथे कुणी सुगंधाबाई राहत नाही, असं ती म्हणाली आणि मग सावकाश वळून आतल्या नवऱ्याकडे बघत राहिली, कारण तो सोफ्यावरून उठून बाथरूमकडे निघाला होता.

त्यानंतरची दहा मिनिटं यादवरावांनी दारातल्या पायपुसण्यावर उभं राहून काढली. भूपेंद्र चौधरी बँकेत कर्जविभागात अधिकारी होता आणि सुगंधाबाई म्हणजे तोच होता. रेसिपी तो फैजपूरच्या सासूबाईंकडून फोनवर गोडगोड बोलून काढून घेत असे. बाईच्या नावानं लिहिलं तरच लोक भरीत वाचतात, अशी त्याची कैफियत. लॅपटॉप उघडून दाखवला तेव्हा कुठे भाविकाचा विश्वास बसला, आणि मग दुसरं कारण धरून ती जास्तच भडकली, कारण घरात या माणसानं चहापलीकडे काही केलं नव्हतं आणि त्याची सगळी कीर्ती तिच्या आईच्या हातावर चालली होती. चूल त्याच दिवशी विझली. निघताना भूपेंद्रनं यादवरावांचे हात धरले आणि बँकेत कळलं तर मी संपलो, कुणाला सांगू नका, म्हणून शब्द घेतला. यादवरावांनी शब्द दिला. रजिस्टरात नोंद केली: 'सुगंधाबाई, प्रत्यक्षात अस्तित्वात नाही.'

पण ते घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. तोतारामनाना गिरणीवर दळण टाकायला गेले होते आणि त्यांनी जे ऐकलं ते शेजारधर्म म्हणून सविताबाईंच्या कानावर घातलं होतं. सविताबाईंनी आधी चहा ठेवला आणि मग विचारलं, की ही सुगंधाबाई कोण. यादवराव म्हणाले, अशी बाई नाही. मग मसाला कुणाला दिला? यादवरावांनी चहाचा कप तोंडाला लावला. शब्द दिला होता. सविताबाईंनी पुढे काहीच विचारलं नाही, फक्त चार दिवस त्या बायकांसमोर त्यांचा उल्लेख 'सुगंधाबाईंचे अधिकारी' असा करत होत्या, आणि मागच्या खोलीतून येणारं हसू यादवरावांना पुढच्या खोलीत सहन करावं लागत होतं.

तिसरी लिंक भुसावळची, एका बौद्ध वधू-वर सूचक मंडळाची. लग्नाच्या स्वयंपाकाला प्रेमराज मसाला वापरा, अशी जाहिरात त्यांच्या वेबसाइटवर होती. मंडळ चालवणारे प्रशीलदादा कामाच्या गर्दीत होते. समोर पाच पाहुणे, हातात दोन फोन. यादवरावांनी जय भीम केला आणि आमचं नाव तुमच्या वेबसाइटवर यावं अशी इच्छा सांगितली. प्रशीलदादांनी फोनवरचं बोलणं न थांबवता एक छापील फॉर्म पुढे केला. आता यादवराव हा असा माणूस, की त्याच्यापुढे फॉर्म आला की तो भरतो. रकाने जरा वेगळे वाटले, पण वेबसाइट मुलीनं केलेली, तेव्हा मुलीचं नाव, शिक्षण, नोकरी, मोबाइल नंबर मागणं त्यांना रास्त वाटलं. 'वर्ण' या रकान्यात त्यांनी मालाचा म्हणून 'गडद तपकिरी' लिहिलं. 'स्वभाव' मध्ये 'झणझणीत' लिहिलं. 'अपेक्षा' मध्ये लिहिलं: 'स्वतःची वेबसाइट असलेला, कमिशनवर काम करण्यास तयार असावा.' फोटोच्या जागी पाकीट चिकटवलं.

तिसऱ्या दिवशी संघमित्राचा फोन आला. तिला सकाळपासून चौदा स्थळं आली होती. त्यातल्या एकानं आपल्याकडे वेबसाइट नाही पण करून घेऊ, असं सांगितलं होतं. मंडळाच्या पानावर तिच्या नावाखाली मसाल्याचं पाकीट होतं, आणि त्याखाली टिकण्याची मुदत बारा महिने असं स्वच्छ वाचता येत होतं. "पप्पा, मी फक्त ईमेल करा म्हटलं होतं," एवढंच ती म्हणाली. यादवरावांनी रजिस्टर मिटलं.

एप्रिल संपत आला. वेबसाइटवर आता रोज दहा जण येत होते. दहावे तोतारामनाना होते.

प्रेमराजशेठचा पुन्हा फोन आला. रविवारी धुळ्याला एका मंगल कार्यालयात त्यांच्या पार्टनर मंडळींचा मेळावा होता. अक्का, तिथेच या, कागद तयार ठेवतो, जेवूनच जा. सविताबाई हो म्हणाल्या. रविवारी सकाळी त्यांनी निळी साडी नेसली आणि यादवरावांना म्हणाल्या, "चला तुम्हीही. एकटीनं सही करायला मला बरं वाटणार नाही." एसटीत त्यांचं तिकीट अर्धं आणि यादवरावांचं पूर्ण. यादवरावांना वाईट वाटत होतं. बत्तीस वर्षांत भांडारातला एक नट त्यांनी हरवू दिला नव्हता आणि आता सासूबाईंचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत जात होतं. तरी पिशवीत रजिस्टर होतं. ज्यांना ते महिनाभर शोधत होते ते सगळे पार्टनर आज एकाच छताखाली असणार होते, आणि सही होण्याआधी त्यातल्या दोघा-चौघांना गाठायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

मंगल कार्यालयाच्या दारात टेबल मांडून एक मुलगी नावं लिहून घेत होती. यादवरावांनी नाव सांगितलं. तिनं यादी पाहिली, यादवरावांना पाहिलं, पुन्हा यादी पाहिली आणि धावत आत गेली. दोन माणसं आली, त्यांनी यादवरावांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघांना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर नेऊन बसवलं. यादवरावांना वाटलं, सविताबाईंचा मान आहे. सविताबाईंना वाटलं, शिक्क्याचा काही घोळ झाला आहे.

प्रेमराजशेठ माईकवर आले. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाले, की आपला पहिल्या नंबरचा पार्टनर आज पहिल्यांदाच आला आहे. तीन वर्षं या माणसानं आपल्याला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक दिलं, पण कधी मेळाव्याला आला नाही, कधी काही मागितलं नाही, फोन केला तर जाहिरात नको म्हणून ठेवून देतो. असा निःस्वार्थी माणूस आजच्या काळात बघायला मिळत नाही. "यादवभाऊ, तुमी तं आमना घरना माणूस शेतस. वर या."

झालं होतं ते असं. दीपनगरच्या निवृत्त मंडळींचं एक मित्रमंडळ होतं आणि यादवराव त्याचे सचिव होते. मंडळाची एक वेबसाइट होती. तिच्यावर एकच पान चालायचं, निधन वार्तांचं. चाकरी संपवून जळगाव, पुणे, सुरत असे पांगलेले आठ-नऊशे लोक रोज सकाळी ते पान उघडत, कोण गेलं ते बघत, आपलं नाव नाही याची खात्री करून घेत आणि मग स्वस्थ चित्तानं खाली बघत. खाली प्रेमराज मसाल्याची लिंक होती. तीन वर्षांमागे स्नेहमेळाव्याला प्रेमराजशेठनी दोनशे टोप्या दिल्या होत्या आणि त्याबरोबर एक कागद सहीला आला होता. यादवरावांनी तो टोप्यांची पोच समजून तीन प्रतींत सही करून दिला होता. वेबसाइट भुसावळच्या एका दुकानदारानं केलेली. यादवराव तिच्यात मागच्या दारानं शिरत, नाव, विभाग, तारीख भरत आणि बाहेर पडत. लिंबं मोजणाऱ्या या माणसानं ती वेबसाइट पुढून कशी दिसते हे एकदाही बघितलं नव्हतं. कुलूपबंद यादीतला क्रमांक एक ते स्वतः होते.

त्यांना शाल घातली, श्रीफळ दिलं, 'प्रेमराज' लिहिलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. घड्याळ काखेत धरून यादवराव माईकसमोर उभे राहिले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मी इथे तुमचे पार्टनर फोडायला आलो होतो," ते म्हणाले. "महिनाभर गावोगाव हिंडलो. माझ्या बायकोचा मसाला का खपत नाही, ते शोधत होतो. स्वतःचं गोदाम तेवढं तपासायचं राहिलं."

लोक हसले आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पार्टनर नुसता निःस्वार्थीच नाही तर विनोदीही आहे, असा सगळ्यांचा समज झाला. यादवराव खाली येऊन बसले. त्यांनी शेजारी बघितलं नाही. तीन वर्षं आपल्याच हातानं आपण लिलाबाईचं नाव मागे सारत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना.

जेवणाआधी प्रेमराजशेठनी दोघांना बाजूच्या खोलीत नेलं. टेबलावर कागद होता, कागदावर पेन. सविताबाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. पेन उचललं, बघितलं आणि टोपण लावून परत ठेवलं.

"शेठ," त्या म्हणाल्या, "या माणसानं तीन वर्षं तुमचा माल खपवला. कुणी सांगितलं नाही, काही घेतलं नाही, त्याचा त्यालाही पत्ता नाही. झोपेत इतकं करतो, तर जागेपणी माझ्यासाठी किती करील, ते मला एकदा बघायचं आहे."

प्रेमराजशेठ व्यापारी होते, पण बरे व्यापारी होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि हसले. "म्हंजे अक्का, आमना पह्यला नंबर तुमी लई चालन्यात."

"घेऊन कसली चालले, तो आधीपासून माझाच आहे," सविताबाई म्हणाल्या, आणि जेवायला कुठे बसायचं ते विचारलं.

परतीच्या एसटीत यादवरावांनी नियम सांगितला. टोप्या घेऊन पाच वर्षांच्या कागदावर सही केली आहे, तेव्हा मंडळाच्या वेबसाइटवरून प्रेमराजची लिंक तोवर काढता येणार नाही. शब्द आहे. सविताबाई म्हणाल्या, काढू नका, वर आमची टाका. तशी परवानगी सचिव देऊ शकतात का, याचा यादवरावांनी एरंडोलपर्यंत विचार केला आणि सचिव देऊ शकतात असं ठरलं. एवढं होईस्तोवर सविताबाईंनी आणखी एक विचारून घेतलं, की ती सुगंधाबाई नेमकी कोण. यादवराव म्हणाले, शब्द दिला आहे. सविताबाई म्हणाल्या, असू द्या, आणि खिडकीकडे तोंड करून हसल्या.

सोमवारी सकाळी यादवराव वेबसाइटमध्ये शिरले. जाहिरात कुठे भरायची हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना रकाने माहीत होते ते तीनच, नाव, विभाग, तारीख. त्यांनी नाव भरलं 'लिलाबाई', विभाग भरला 'काळा मसाला', आजची तारीख टाकली, खाली आपला फोन नंबर दिला, आणि जन्मात पहिल्यांदा पुढच्या दारानं जाऊन पडताळणी केली. नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरात आलं होतं. ते समाधानानं चहा घ्यायला बसले.

पहिला फोन सव्वासात वाजता आला. नाशिकहून एक निवृत्त फोरमन हळहळत होते. लिलाबाई कधी गेल्या? आपल्यात होत्या का? चेहरा काही आठवत नाही. यादवराव क्षणभर गडबडले, मग सांगायला लागले. आपल्यात नव्हत्या, पहूरच्या होत्या. कांडपावर होत्या. खोबरं किती काळं करायचं ते त्यांना गावात सगळ्यात जास्त कळायचं. मसाला त्यांच्या हातचा असायचा आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं. तिकडचे गृहस्थ सगळं ऐकून म्हणाले, की त्या मसाल्याची दोन पाकिटं पाठवा. त्यानंतर फोन थांबेना. सुरतेहून आला, पुण्याहून आला, खुद्द दीपनगरहून आला. प्रत्येकाला आधी वाईट वाटत होतं, मग कुतूहल वाटत होतं, मग पत्ता लिहून घ्या म्हणत होते. काही जणांनी नुसतीच श्रद्धांजली वाहिली, त्यांचेही यादवरावांनी आभार मानले. दरवेळी ते पहिल्यापासून सगळं सांगत होते, एक शब्द न गाळता, आवक रजिस्टरात लिहावं तसं.

मागच्या खोलीत धणे भाजायचे थांबले होते. चारही बायका हातातलं काम धरून बसल्या होत्या. सविताबाई दारात उभ्या होत्या. साऱ्या आयुष्यात आपल्या आईचं नाव जितक्या वेळा कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, तितक्या वेळा त्यांनी ते एका सकाळीत ऐकलं होतं, आणि पदरानं डोळे पुसायचं त्यांनी मघाशीच सोडून दिलं होतं.

फोन पुन्हा वाजला. यादवरावांनी उचलला आणि "लिलाबाई ना, सांगतो," असं म्हणेपर्यंत सविताबाईंनी हात पुढे केला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "मी सांगते."